परदेशात खगोलशास्त्राचं एम.एस्सी. आणि शिष्यवृत्ती: विदर्भातल्या गावांतून येणारे नेहमीचे प्रश्न

वऱ्हाड, झाडीपट्टी, मेळघाट, गडचिरोली अशा भागांतून खगोलशास्त्र किंवा खगोलभौतिकीसाठी बाहेर जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही माहिती आहे. रकमा आणि अटी दरवर्षी थोड्याफार बदलतात. अर्ज भरताना त्या वर्षाची जाहिरात समोर उघडी ठेवा आणि इथल्या मजकुराशी ताडून पाहा.

आमचं घर कास्तकाराचं. परदेशात एम.एस्सी. आपल्याला झेपेल का?

झेपेल, पण एकाच अटीवर: खर्च दुसऱ्या कुणीतरी उचलायला हवा. खगोलशास्त्रात पैसा सावकाश येतो. एम.एस्सी.नंतर बहुतेकांना पीएच.डी. करावी लागते, पुढे एक-दोन पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधन नोकऱ्या), आणि मग कुठे कायमच्या नोकरीचं बघायचं. पीएच.डी.ला जगण्यापुरते पैसे मिळतात, त्यातून ३० लाखांच्या कर्जाचा हप्ता निघत नाही. म्हणून घर गहाण टाकून या विषयासाठी जाऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. आधी बघायचं ते पैसे कोण देतं हे. विद्यापीठाचं नाव त्यानंतर.

पूर्ण खर्च खरोखर कोण देतं?

युरोपात पहिलं नाव इरॅस्मस मुंडस या युरोपीय संघाच्या शिष्यवृत्ती योजनेचं. आपल्या विषयाचा त्यातला कोर्स म्हणजे ‘मास्टर इन अ‍ॅस्ट्रोफिजिक्स अँड स्पेस सायन्स’, थोडक्यात ‘मास’. रोमचं तोर व्हेर्गाता, बेलग्रेड, ब्रेमेन आणि फ्रान्समधलं कोत द’अझूर ही चार विद्यापीठं मिळून तो चालवतात. शिष्यवृत्ती मिळाली की फी लागत नाही आणि महिन्याला १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने मिळतात. विमानभाडं आणि व्हिसाचा खर्च मात्र त्यातूनच करायचा. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारी या काळात निघतात. त्या वर्षीच्या तुकडीला शिष्यवृत्तीच्या जागा आहेत का, हे आधी पाहा. एक घोटाळा इथे नेहमी होतो. ‘निवड झाली’ असं पत्र येतं, घरात पेढे वाटले जातात आणि खालच्या ओळीत लिहिलेलं असतं की जागा स्वखर्चाची आहे. प्रवेश आणि शिष्यवृत्ती ही दोन वेगळी पत्रं समजा.

जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती आपल्याकडे फार कमी जण भरतात, हे खरंच वाईट वाटण्यासारखं आहे. एम.एस्सी.ला महिन्याला १,४४,००० येन, फी माफ, जाण्यायेण्याचं विमान तिकीट. वयाची अट ३५ च्या आत. दूतावासामार्फतचा अर्ज साधारण एप्रिल-मेमध्ये असतो. पहिल्या फेरीत निवड झाली की जपानी प्राध्यापकाकडून तात्पुरत्या स्वीकृतीचं पत्र मिळवावं लागतं. तिथेच बरेच जण अडकतात, कारण ते निकालानंतर प्राध्यापक शोधायला बसतात. टोकियो, क्योतो, तोहोकु अशा विद्यापीठांतले गट आणि त्यांचे ताजे शोधनिबंध अर्जाच्या आधीच वाचून ठेवा.

स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या ईटीएचची एक्सलन्स शिष्यवृत्ती सेमिस्टरला १२,००० फ्रँक देते आणि फी माफ करते, पण ती अगदी वरच्या मोजक्या विद्यार्थ्यांना मिळते. जिनिव्हातही खगोलशास्त्राचं एम.एस्सी. आहे. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिये केलोझ या तिथल्याच जोडीने शोधला आणि २०१९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. नेदरलँड्समधलं लायडेन आणि स्वीडनमधलं लुंड इथलं शिक्षण उत्तम आहे, पण तिथल्या शिष्यवृत्त्या बहुधा फीपुरत्या किंवा फीचा काही भाग देणाऱ्या असतात. राहण्याखाण्याचे पैसे दुसरीकडून उभे करावे लागतात.

जर्मनीत फी नाही म्हणतात. मग अडचण कुठे येते?

सरकारी विद्यापीठांत फी नाही, हे बहुतांशी खरं आहे. बॉन, म्यूनिकचं एलएमयू आणि पोट्सडाम इथे खगोलभौतिकीचं एम.एस्सी. इंग्रजीतून होतं. सेमिस्टरला काहीशे युरोंपर्यंत वर्गणी भरायची, त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रेनचा पासही येतो. दोन अपवाद लक्षात ठेवा. हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. म्यूनिकच्याच टीयूएम या दुसऱ्या विद्यापीठानेही परदेशी विद्यार्थ्यांना फी लावली आहे.

खरी अडचण व्हिसाच्या वेळी येते. एका वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरलेले दाखवावे लागतात. युरो १०० रुपये धरला तर हे सुमारे १२ लाख होतात. पैसे तुमचेच राहतात, तिथे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो हातात येतात. पण ते एकदम उभे करायचे कुठून, हा प्रश्न उरतोच. पुरेशा रकमेची शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्र या खात्याच्या जागी चालतं. तिथे शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं. विभागातच प्रयोगशाळा सहाय्यकाचं किंवा उदाहरणं तपासण्याचं काम मिळालं तर उत्तम, पण पहिल्या सेमिस्टरला ते मिळेलच असं धरून निघू नका.

दुसरी पायरी एपीएस प्रमाणपत्राची. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते सक्तीचं आहे. फी १८,००० रुपये. तुमच्या पदव्या खऱ्या आहेत का, याची ती तपासणी असते आणि तिला काही आठवडे ते काही महिने लागतात. प्रवेश मिळाल्यावर एपीएस करू म्हणणाऱ्यांचं सेमिस्टर हुकतं. आदल्या वर्षीच्या दिवाळीआधी हा अर्ज गेलेला असावा.

इटलीत उत्पन्नावर शिष्यवृत्ती मिळते म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि कमी उत्पन्नाच्या घरासाठी युरोपातला हा सर्वात वास्तव मार्ग आहे. पादुआ आणि बोलोन्या या दोन्ही विद्यापीठांत ‘अ‍ॅस्ट्रोफिजिक्स अँड कॉस्मॉलॉजी’चं एम.एस्सी. इंग्रजीतून आहे. तिथली प्रादेशिक शिष्यवृत्ती पहिल्या वर्षी मुख्यतः घरच्या आर्थिक स्थितीवर मिळते. फी माफ होते आणि बाहेरगावच्या विद्यार्थ्याला वर्षाला साधारण ७,००० युरोंच्या आसपास रक्कम मिळते. त्यातला काही भाग वसतिगृह आणि जेवणाच्या रूपात वळता होऊ शकतो.

यासाठी ‘इझे परिफिकातो’ नावाचा हिशेब करून घ्यावा लागतो. कुटुंबात किती माणसं, प्रत्येकाचं उत्पन्न किती, ३१ डिसेंबरला सगळ्यांच्या बँक खात्यांत किती शिल्लक होती, घर किती चौरस मीटरचं, जमीन किती, हे सगळं कागदावर दाखवायचं. कागदांवर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) आणि इटालियन भाषांतर लागतं. गोंधळ कुठे होतो ते नीट समजून घ्या. तहसीलदाराच्या दाखल्यावर उत्पन्न ९०,००० रुपये असतं. नोव्हेंबर-डिसेंबरात कापूस विकला गेलेला असतो आणि ३१ डिसेंबरच्या पासबुकात ४ लाख दिसतात. तिकडच्या माणसाला हा मेळ बसत नाही आणि फाईल थांबते. रक्कम मर्यादेच्या कितीतरी आत असते, तरी खुलासा मागितला जातो. म्हणून बाजार समितीची किंवा जिनिंगची हिशेबपट्टी आणि बियाणं-खत-फवारणीच्या उधारीच्या पावत्या जोडून ठेवा. नियमावलीत कोणत्या वर्षाचं उत्पन्न मागितलंय तेही पाहा. ते बऱ्याचदा दोन वर्षांपूर्वीचं असतं आणि आपण चालू वर्षाचा दाखला काढून बसतो.

पैसे हप्त्यांनी येतात आणि पहिला हप्ता पोचल्यापोचल्या मिळत नाही. सुरुवातीच्या तीन-चार महिन्यांची सोय हातात ठेवूनच निघा. पुढचे हप्ते आणि दुसरं वर्ष ठरावीक क्रेडिट मिळवण्यावर अवलंबून असतात. परीक्षा लांबवल्या तर घेतलेले पैसे परत करण्याची वेळ येऊ शकते.

राज्य आणि केंद्र सरकारच्या योजनांत आपण कुठे बसतो?

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची योजना आहे. मराठा आणि कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची, खुल्या प्रवर्गासाठी तंत्रशिक्षण संचालनालयाची, अल्पसंख्याकांसाठी अल्पसंख्याक विकास विभागाची, आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाची वेगळी योजना आहे. विदर्भातल्या कुणबी विद्यार्थ्यांना ओबीसी आणि सारथी अशा दोन्ही जाहिराती बघता येतात. लाभ एकाच योजनेचा मिळतो.

केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती सामाजिक न्याय मंत्रालयाकडे आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त-भटक्या जमातींसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी आहेत. शेवटच्या ४ जागा आपल्याकडे कित्येकांना ठाऊकही नसतात. रोजमजुरीवर चालणाऱ्या घरातल्या मुलाने त्या नक्की पाहाव्यात. अटी अशा: घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, पदवीला किमान ६० टक्के, वय ३५ पेक्षा कमी, विद्यापीठ क्यूएस या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये. फी आणि विमानभाडं मिळतं, शिवाय वर्षाला १५,४०० डॉलर, ब्रिटनमध्ये असाल तर ९,९०० पौंड.

आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाच्या २० जागा आहेत, उत्पन्न मर्यादा ६ लाख. त्यातल्या ३ जागा विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी राखीव आहेत. भामरागडकडचे माडिया आणि यवतमाळ भागातले कोलाम या गटात येतात. राज्याच्या योजनेची विचारपूस धारणी, पांढरकवडा, अहेरी, भामरागड, देवरी, चिमूर इथल्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करा.

चांगलं विद्यापीठ मिळालं, तरी सरकारी अर्ज बाद का होतो?

बहुतेक वेळा क्रमवारीमुळे. राज्याच्या योजनांत क्यूएसच्या जागतिक यादीत पहिल्या २०० ची अट लावली जाते. ती संपूर्ण विद्यापीठाची क्रमवारी असते, खगोलशास्त्र विभागाची नव्हे. बॉन आणि पादुआ आपल्या विषयात नावाजलेली आहेत, पण गेल्या काही वर्षांत ती २०० च्या थोडी बाहेर राहिली आहेत. लायडेन, लुंड, हायडेलबर्ग, एलएमयू, जिनिव्हा ही सहसा आत असतात. सरकारी योजनेवर भिस्त असेल तर यादी आधी, विद्यापीठ नंतर. स्वतःच्या बळावर जाणार असाल तर क्रमवारीकडे फार बघू नका, विभागात कोण काम करतं ते बघा.

दुसरं कारण ‘अनकंडिशनल’ पत्राचं. प्रवेशपत्रात ‘अंतिम गुणपत्रिका मिळाल्यावर’ किंवा ‘डिपॉझिट भरल्यावर’ अशी अट लिहिलेली असेल तर ते सशर्त पत्र धरलं जातं. आपल्या विद्यापीठांचे निकाल उशिरा लागले की हमखास हीच गत होते. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल हाती आल्याबरोबर विद्यापीठाला मेल करून विनाअट पत्र मागून घ्या. तिसरी गोष्ट वेळेची. योजनेची यादी लागेपर्यंत तिकडचे वर्ग सुरू झालेले असू शकतात. प्रवेश पुढच्या सत्रात ढकलता येईल का, हे आधीच विचारून ठेवा.

कागदपत्रांची सुरुवात कधी करायची?

जायच्या किमान दोन वर्षं आधी. सगळ्यात जास्त वेळ जात वैधता प्रमाणपत्राला लागतो. जातीचा दाखला आणि वैधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. योजनेला वैधता मागितली असेल तर नुसता दाखला चालत नाही. अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा आणि ओबीसींना १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. विदर्भात तो बहुतेकदा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखलखारिज नोंदीत किंवा कोतवाल बुकात सापडतो. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागताना गाव, साल आणि मूळ पुरुषाचं नाव नेमकं लिहा, नाहीतर अर्ज तसाच पडून राहतो. काकाची किंवा चुलतभावाची वैधता झालेली असेल तर वंशावळीसह ती जोडा, काम पुष्कळ सोपं होतं.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून घरात कुणाचंही रिटर्न नसतं. मग पटवाऱ्याचा अहवाल, सातबारा आणि आठ-अ जोडून तहसीलदाराचा उत्पन्न दाखला काढायचा. परदेशी विद्यापीठासाठी त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या.

नावाचा घोळ शेवटी निघतो आणि तेव्हा फार छळतो. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि उरलेलं सगळं वेगळ्या. वडिलांचं नाव एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. स्पेलिंगच्या शेवटी एका ठिकाणी ‘ई’ आहे, दुसरीकडे गायब. पासपोर्टचा अर्ज भरतानाच दहावीची सनद समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. फरक मोठा असेल तर राजपत्रात नोंद करून घ्या, छोटा असेल तर प्रतिज्ञापत्र सहसा पुरतं.

माझं बी.एस्सी. फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सचं आहे, तीन वर्षांचं. थेट अर्ज करू का?

करू शकता, पण क्रेडिटचा हिशेब आधी मांडा. युरोपात तीन वर्षांच्या पदवीला १८० ईसीटीएस (तिकडची क्रेडिट) मानतात आणि बरेच विभाग त्याला हरकत घेत नाहीत. त्यांना खटकतं ते वेगळंच. तिकडच्या भौतिकीच्या पदवीत जवळजवळ सगळा वेळ भौतिकी आणि गणिताला असतो, आपल्याकडे त्याचा तिसरा हिस्सा रसायनशास्त्राला जातो. क्वांटम मेकॅनिक्स, सांख्यिकी भौतिकी, विद्युतगतिकी आणि अभिजात यामिकी हे चार विषय गुणपत्रिकेत स्वतंत्रपणे दिसतात का, हे ते शोधतात. आपल्या पेपरचं नाव मात्र नुसतं ‘फिजिक्स पेपर दोन’ असतं. म्हणून विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची प्रत, प्रत्येक घटकाचे तास आणि वापरलेली पुस्तकं यांची तक्ता-सूची तयार करा आणि प्राचार्यांच्या सहीशिक्क्यानिशी अर्जाला जोडा. हे न जोडल्यामुळे कितीतरी चांगले अर्ज पहिल्या चाळणीतच गळतात.

तरी क्रेडिट कमी पडत असतील तर इथे भौतिकीचं एम.एस्सी. किंवा चार वर्षांचं ऑनर्स पूर्ण करून मग जाणं शहाणपणाचं. त्यात वर्षं वाया जात नाहीत. इथलं एम.एस्सी. झालेल्यांना युरोपात थेट पगारी पीएच.डी.लाही अर्ज करता येतो, उदाहरणार्थ जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संशोधन संस्थांच्या आयएमपीआरएस या पीएच.डी. शाळांत. काही जणांसाठी तोच जास्त चांगला रस्ता असतो आणि त्यात परदेशी एम.एस्सी.च्या शिष्यवृत्तीचा प्रश्नच उरत नाही.

मला ७२ टक्के आहेत. जर्मनीत ते किती होतात?

सूत्र असं: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्णतेच्या गुणांतल्या फरकाने भागा, ३ ने गुणा, १ मिळवा. कमाल १००, पास ४० धरले तर २८ भागिले ६० म्हणजे ०.४६७, गुणिले ३ म्हणजे १.४, अधिक १ म्हणजे २.४. तिकडे आकडा जितका लहान तितका चांगला, आणि बऱ्याच कोर्सना २.५ ची मर्यादा असते. म्हणजे ७२ टक्केवाला आत बसतो, पण थोडक्यात. पासची मर्यादा ३५ असेल तर हाच आकडा २.३ होतो. त्यामुळे उत्तीर्णतेची मर्यादा किती, हे विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवर छापलेलं असू द्या.

मराठी माध्यमात शिकलो. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा जमेल का?

जमेल. बहुतेक ठिकाणी एकूण ६.५ आणि कोणत्याही भागात ६ च्या खाली नको, असं असतं. आपली मुलं वाचनात मागे पडत नाहीत, लेखनात ५.५ वर अडकतात. कारण निबंध पाठ केलेला असतो आणि तो तपासणाऱ्याला लगेच ओळखू येतो. परीक्षा सुमारे १८,००० रुपयांची आहे, तेव्हा तीन-चार पूर्ण सराव चाचण्या घड्याळ लावून दिल्याशिवाय तारीख घेऊ नका. निकाल दोन वर्षं चालतो.

कॉलेजात दुर्बीण नाही, प्रकल्प नाही. अर्जात काय दाखवू?

आजचं खगोलशास्त्र बहुतांशी संगणकावर होतं आणि विदा (डेटा) सगळ्यांना फुकट मिळते. ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गैया या अवकाश मोहिमेच्या विदेचा तिसरा साठा जून २०२२ मध्ये खुला झाला, त्यात सुमारे १८० कोटी स्रोत आहेत. दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणाऱ्या टेस या अवकाश दुर्बिणीची प्रकाशमापनंही खुली आहेत. एक लहान, पूर्ण केलेला प्रकल्प दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतो.

उदाहरणार्थ, वॅस्प-१८ बी हा ग्रह घ्या. तो ०.९४ दिवसात ताऱ्याभोवती एक फेरी मारतो, म्हणजे टेसच्या २७ दिवसांच्या एका तुकडीत त्याची दोन डझनांहून जास्त संक्रमणं, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाण्याचे प्रसंग, सापडतात. गुगल कोलॅबवर पायथनचं लाइटकर्व्ह पॅकेज चालवा, त्यामुळे गावातल्या साध्या लॅपटॉपवरही काम भागतं. विदा उतरवा, ताऱ्याचा संथ चढउतार काढून टाका, आवर्तकाल शोधा, सगळी संक्रमणं एकावर एक रचा. प्रकाश जवळजवळ १ टक्क्याने घटलेला दिसेल. त्याचं वर्गमूळ म्हणजे ग्रह आणि ताऱ्याच्या त्रिज्यांचं गुणोत्तर, साधारण ०.१. इथे दोन चुका हमखास होतात. चढउतार सपाट करायची खिडकी फार लहान ठेवली तर संक्रमणच पुसलं जातं. आणि आवर्तकाल शोधणारा प्रोग्राम कधी खऱ्याच्या दुप्पट किंवा निम्मा आकडा देतो. या चुका कशा पकडल्या, हे उद्देशपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पज) दोन वाक्यांत लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, या मुलाने हे स्वतः केलंय.

अंधारं आकाश हे आपलं धन आहे. मेळघाटात किंवा गडचिरोलीत नुसत्या डोळ्यांनी अल्गॉल ताऱ्याचं निरीक्षण करता येतं. दर २.८७ दिवसांनी तो तेजस्वितेच्या २.१ प्रतीवरून ३.४ पर्यंत मंद होतो (प्रतीचा आकडा मोठा तितका तारा मंद). शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून वेळेनिशी नोंदी ठेवा आणि चलताऱ्यांच्या नोंदी जमवणाऱ्या अ‍ॅव्हसो या संस्थेकडे पाठवा. लोणारचा उल्लेख उद्देशपत्रात करायचा तर बेसॉल्टमधल्या त्या विवरावर काही वाचलं-केलं असेल तरच करा. ‘लहानपणी अंगणात झोपून तारे पाहायचो’ ही सुरुवात मात्र टाळा. ती खरी असली तरी प्रत्येक दुसऱ्या अर्जात असते.

शिकत असतानाच होमी भाभा केंद्राचा एनआययूएस हा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम, विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा सुट्टीतला कार्यक्रम आणि तिथल्याच एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र केंद्राचा व्हीएसआरपी हा उन्हाळी संशोधन कार्यक्रम यांना अर्ज करत राहा. तिथल्या मार्गदर्शकाचं शिफारसपत्र फार उपयोगी पडतं.

सर म्हणतात, ‘तूच शिफारसपत्र लिहून आण, मी सही करतो.’ काय करू?

पत्र लिहून नेऊ नका, मुद्द्यांचं पान न्या. कोणता पेपर त्यांनी शिकवला, किती गुण पडले, कोणत्या प्रयोगात काय वेगळं केलं, प्रकल्पात काय निष्पन्न झालं, एवढं एका पानावर. तिन्ही पत्रांची भाषा एकाच हाताची वाटली की अर्जावर संशय येतो. सहा आठवडे आधी विनंती करा. काही पोर्टल्स जीमेलचा पत्ता घेत नाहीत, तेव्हा सरांचा कॉलेजच्या नावाचा ईमेल आधीच सुरू करून घ्या. पत्र भरण्याचा दुवा सरांना मेलवर येतो आणि तो मेल स्पॅममध्ये जातो. शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधी सरांना भेटून तो तिथेच उघडायला लावा.

अमेरिकेचं काय?

तिथे खगोलशास्त्राचं नुसतं एम.एस. करायला पैसे क्वचितच मिळतात. पैसा पीएच.डी.ला आहे: फी माफ आणि शिकवण्याच्या कामाचा पगार. तिथे पदवीनंतर थेट पीएच.डी.ला जाता येतं, पण चार वर्षांची पदवी किंवा एम.एस्सी. असलेल्यांचं काम सोपं होतं. अर्जाची फी प्रत्येकी ७५ ते १२५ डॉलर. फी माफीसाठी विभागाला नम्र मेल करा, बरेच विभाग देतात.

वर्षभराचं वेळापत्रक कसं धरू?

सप्टेंबरात जायचं असेल तर आदल्या वर्षी पावसाळ्यात आयईएलटीएस आणि ट्रान्सक्रिप्ट, दसरा-दिवाळीच्या आत एपीएस आणि शिफारसपत्रांची विनंती. ऑक्टोबर ते जानेवारी इरॅस्मस, ईटीएच, अमेरिका. जानेवारीच्या मध्यापर्यंत स्वीडन, तिथे एकाच अर्जात अनेक विद्यापीठं भरता येतात आणि फी ९०० क्रोनर आहे. फेब्रुवारी-मार्चपासून नेदरलँड्स, इटली, जर्मनी. एप्रिल-मे जपान, पण ते पुढच्या वर्षासाठी. मे ते जुलै राज्य सरकारच्या जाहिराती. कापसाच्या वेचणीत आणि धान कापणीत घरी हात लागतातच, नेमकी तेव्हाच ही सगळी गर्दी असते. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा.

थोडं कर्ज लागलंच तर? आणि एजंटकडे जावं का?

४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार, त्यापुढे तारण. शेतजमीन बँका सहसा तारण म्हणून घेत नाहीत, गावठाणातल्या घराचा नमुना आठही बऱ्याच ठिकाणी चालत नाही. अकृषक प्लॉट किंवा शहरातलं घर मागतात. तिकीट आणि पहिल्या दोन महिन्यांपुरतं छोटं कर्ज ठीक आहे. जे. एन. टाटा एन्डोमेंट (१८९२ पासून) आणि के. सी. महिंद्रा ट्रस्ट यांच्या शिष्यवृत्त्या कर्जाच्या रूपात असतात, म्हणजे परत कराव्या लागतात, हे घरी स्पष्ट सांगा.

एजंटची गरज नाही. सरकारी विद्यापीठांचे अर्ज स्वतःच भरायचे असतात. एजंट सुचवतो ती बहुधा त्याला कमिशन देणारी खासगी कॉलेजं असतात आणि तिथे आपला विषय शिकवतच नाहीत. ‘शिष्यवृत्ती मंजूर झाली, आता प्रोसेसिंग फी पाठवा’ असा मेसेज आला तर तो थेट पुसून टाका.

मुलगी एकटी जाणार. राहायची सोय कशी असते?

विद्यार्थी वसतिगृहात स्वतंत्र खोली मिळते, स्वयंपाकघर बहुधा सामायिक असतं. खोल्या कमी आणि रांग लांब असते, म्हणून प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज भरा, व्हिसाची वाट पाहू नका. खोली न पाहता कुणा खासगी घरमालकाला आगाऊ पैसे पाठवू नका. त्या शहरातल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या गटाशी आईवडिलांचं एकदा फोनवर बोलणं करून द्या, घरची निम्मी काळजी तिथेच मिटते.

शिकून परत आल्यावर इथे काम आहे का?

आहे, आणि वाढतंय. पुण्यात आयुका आणि एनसीआरए, नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटरच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा तर हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. वाशीम-यवतमाळच्या सीमेपासून ती दूर नाही. सरकारी योजनेतून जाणाऱ्यांना परत येण्याचं हमीपत्र द्यावं लागतं. सही करण्याआधी ते पूर्ण वाचा.

सगळीकडून नकार आला तर?

पुढच्या वर्षी पुन्हा भरा. पुष्कळांची निवड दुसऱ्या खेपेला होते. नकार देणाऱ्या विभागाला कारण विचारणारा छोटा मेल करा. क्रेडिट कमी होती की जागा कमी होत्या, एवढं कळलं तरी दिशा ठरते. एपीएस पुन्हा काढावं लागत नाही, आयईएलटीएस दोन वर्षं चालतं, वैधता प्रमाणपत्र कायमचं आहे. उत्पन्नाचा आणि नॉन-क्रिमीलेयरचा दाखला मात्र ३१ मार्चला संपतो का ते पाहा आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सेतू केंद्रात नवा अर्ज टाका. जूनमध्ये शाळा-कॉलेजांच्या प्रवेशांची गर्दी सुरू झाली की तोच दाखला मिळायला महिना लागतो.